एक वाटी म्हणजे नक्की किती ग्रॅम? आहार नोंदीसाठी भरवशाची माहिती हवी आहे

अर्धी_भाकर

नमस्कार मंडळी. बाबांना दीड वर्षापासून मधुमेह आहे. त्यांच्या जेवणाची नोंद ठेवायला मी घरच्यापुरतं छोटं टूल लिहिते आहे: पदार्थ निवडायचा, किती खाल्ला ते टाकायचं, कॅलरी आणि कर्बोदकं समोर. लिहायला सोपं वाटलं होतं. घोडं अडलंय ते 'किती'वर.

आधी एक तयार अ‍ॅप वापरून पाहिलं. त्यात 'भाकरी, १ नग' शोधलं तर चार वेगवेगळी उत्तरं, सगळी वापरकर्त्यांनीच भरलेली. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात तिपटीचा फरक. बाबा म्हणाले, "मग आपण कमीवाली धरू."

वाटी, डाव, पळी, नग यांचं ग्रॅममध्ये रूपांतर खात्रीने कुठे मिळेल? फुकट असेल तर उत्तम.

तराजू

तुम्ही दोन प्रश्न एकात मिसळताय. १०० ग्रॅम ज्वारीत काय असतं, याचं उत्तर आहे. तुमच्या घरच्या भाकरीत किती ज्वारी असते, याचं उत्तर कुठल्याही सर्व्हरवर नाही.

पहिल्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटक कोष्टकं घ्या. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ तपासलेत. पण जवळजवळ सगळे कच्चे. तूरडाळ सापडेल, आमटी नाही. आकडे खाण्याजोग्या भागाचे असतात, म्हणजे केळं सालीसकट तोलून टाकू नका.

न्यूजर्सीकर

अमेरिकेच्या कृषी खात्याची फूडडेटा सेंट्रल ही ऑनलाइन माहितीपेढी बघा. एपीआय की (टूलमधून थेट माहिती मागवायची किल्ली) फुकट मिळते, माहितीवर कॉपीराइट नाही. बऱ्याच पदार्थांपुढे कप आणि नगाचं वजनही दिलेलं असतं. फक्त त्यांचं 'मध्यम केळं' सोललेलं ११८ ग्रॅमचं. वसईची वेलची केळी नोंदवाल तर बाबांच्या नावावर दुप्पट केळं चढेल. आणि इथला कप साधारण २४० मिली, आपल्या वाटीशी त्याचं काही नातं नाही.

आगाऊ_कार्टं

आमचे आजोबा न मोजता नव्वदीपर्यंत जेवले.

कोथिंबीर_जुडी

@आगाऊ_कार्टं, आजोबा शेतात किती चालायचे तेही लिहा की.

@अर्धी_भाकर, मी आहारतज्ज्ञ आहे. आहार सर्वेक्षणाला जाणारी माणसं ठरलेल्या मापांच्या वाट्यांचा संच सोबत नेतात आणि समोर मांडून विचारतात, "यातली कुठली?" कारण 'वाटी' हे माप नाही, भांडं आहे. तेच घरी करा. बाबा रोज घेतात ती वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. माझ्याकडे आमटीची वाटी १४० भरली, श्रीखंडाची ९०. दोन्हींना आम्ही वाटीच म्हणतो.

शिजवलेल्या पदार्थांचं गणित असं. पातेलं रिकामं तोलून आकडा लिहून ठेवा (मी मार्करने बुडाला लिहिलाय, सासूबाई अजून बोलतात). समजा १५० ग्रॅम तूरडाळ घेतली आणि फोडणीसकट आमटी ११०० ग्रॅम झाली. बाबांनी १४० ग्रॅम घेतली, तर पोटात गेली साधारण १९ ग्रॅम डाळ, म्हणजे ६३ कॅलरी. तेलाचा हिशोब त्याच प्रमाणात वेगळा. नोंद ठेवणारे बहुतेक लोक चुकतात ते इथेच: वाटीभर आमटी म्हणजे वाटीभर डाळ धरतात.

भाकरीला तर एवढंही नको. डब्यातलं अर्धा किलो पीठ काढा आणि किती भाकऱ्या होतात ते मोजा. आमच्या आठ होतात, म्हणजे एकीत ६२ ग्रॅम पीठ. सुमारे २१० कॅलरी, ४२ ग्रॅम कर्बोदकं. भाजल्यावर तोलू नका, पाणी किती उडालं ते तव्यावर ठरतं. पोळ्यांचंही असंच करा. पोषण संस्थेच्या २०११ च्या आहार मार्गदर्शनात धान्याचा एक वाढा (सर्व्हिंग) ३० ग्रॅम धरला होता. आमची घडीची पोळी त्याच्या आसपास येते, भाकरी त्याच्या दुप्पट. 'दोनच भाकऱ्या खाल्ल्या' म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

तराजू

+१. टूलमध्ये दोन तक्ते ठेवा. एकात पदार्थ, दर १०० ग्रॅमला. दुसऱ्यात तुमच्या घरची मापं. दुसरा तक्ता बाबांच्या ताटापुरता, वीस-पंचवीस ओळींत संपेल. बिस्किटं-फरसाणाला पाकिटावरचे आकडे घाला. ओपन फूड फॅक्ट्स या साइटवर बारकोडवरून मिळतात, पण तीही लोकांनीच भरलेली माहिती, पाकिटाशी ताडून घ्या. पुढेमागे टूल विकायचा विचार आला तर कोष्टकांच्या वापराची परवानगी आधी मागा.

अर्धी_भाकर

चार दिवसांनी येतेय. कोष्टकातली ज्वारी भरली आणि बाबांची एक भाकरी ८७४ कॅलरींची निघाली! तासभर कोड तपासत बसले.

तराजू

किलोज्यूल. त्या कोष्टकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ४.१८४ ने भागा. मीही त्यात आपटलोय, सांगायला हवं होतं.

अर्धी_भाकर

२०९ आले! कोथिंबीरताईंच्या आकड्याशी जुळलं. आमच्याही अर्ध्या किलोच्या आठच होतात.

वाट्या मोजल्या. बाबांची वाटी १६५ मिली निघाली, आईची १२०. इतकी वर्षं दोघांना 'एकेक वाटी भात' वाढला जातोय. अजून कढी आणि पिठलं राहिलंय, कारण आई दोन्ही अंदाजाने करते आणि मी काटा घेऊन उभी राहिले की तिचा अंदाज चुकतो म्हणे.

काटा मात्र तिला आवडलाय. काल वाण्याकडून आलेला सुटा अर्धा किलो रवा तिने आधी त्यावर ठेवला. ४७० भरला. टूल राहिलं बाजूला, आई पिशवी घेऊन खाली गेलीय.