लेबल नसलेली चेक फुलदाणी कशी ओळखावी?

प्रश्न : माझ्या जाड, धुरकट निळ्या काचेच्या फुलदाणीवर कागदी लेबल उरलेले नाही. ती मुरानोची (काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतील बेटाची) म्हणून मिळाली, पण मला ती जुन्या चेकोस्लोव्हाकियातली वाटते. कशावरून ठरवावे?

उत्तर : बाजूंवरून सावकाश नख फिरवा. साच्याचा बारीक उभा सांधा लागला, तर ती दाबकामाची, म्हणजे वितळलेली काच साच्यात दाबून केलेली. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या स्क्लो युनियन या चेकोस्लोव्हाक काच-उद्योगाच्या कारखान्यांत रुडॉल्फ युर्निकल आणि फ्रांतिशेक विझ्नर या रचनाकारांच्या अशाच ठसठशीत भौमितिक फुलदाण्या तयार होत.

दुसरे उत्तर : सांधा नसेल, तळ घासून गुळगुळीत केलेला असेल आणि तापलेली काच ओढून कडा पाकळ्यांसारख्या केल्या असतील, तर चेक काच-रचनाकार योसेफ होस्पोड्का यांच्या ख्रिब्स्का येथील काचकारखान्यातल्या कामाशी ती ताडून पाहा. त्यांच्या फुलदाण्या फार देखण्या असतात, आणि मुरानोच्या नावावर सर्रास विकल्या जातात.

प्रश्नकर्ता : सांधा नाही, तळ गुळगुळीत आहे. मनापासून आभार.