जागेचा इसार एजंटच्या हातात द्यावा का?

मंडळी, मदत हवी आहे. सोलापुरात विजापूर रोडला सोरेगावजवळ एक एनए (बिगरशेती) प्लॉट पसंत पडलाय. एजंट म्हणतो, "लाखभर टोकन रोख माझ्याकडे ठेवा, मगच मालकाला तुमचा भाव सांगतो." पावती म्हणजे त्याच्या डायरीतलं फाडलेलं पान! मालकाचं तोंडही अजून बघितलं नाही.

२०,००० किंवा जास्त इसार रोखीनं घेता येत नाही, म्हणून मालकाच्या नावे चेक आणि स्टॅम्पवर इसारपावती करू म्हटलं, तर साहेब फुगून बसलेत. उताऱ्यावर मालकाच्या दोन बहिणींचीही नावं आहेत. इसारपावतीवर त्यांच्याही सह्या घ्याव्यात ना? आणि सौदा फिसकटला तर पैसे परत मिळण्याची अट नेमकी कशी लिहून घेता? सोलापुरात नुकताच व्यवहार केलेल्यांनी जरा सांगा.