लँडलाइनवरून मोबाइल लागत नाही, ०७१२ लावू का?

प्रश्न: नागपुरात धरमपेठेतल्या आईच्या लँडलाइनवरून माझा मोबाइल लागतच नाही. फोनजवळच्या डायरीत तिनं माझा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलाय, रोज तोच फिरवते. पुढे ०७१२ लावायचा का?

उत्तर १: नाही जी, नुसता शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लागतो. डायरीतच लाल पेनानं लिहून द्या.

उत्तर २: ०७१२ मोबाइलवरून नागपूरच्या लँडलाइनला लागतो. मुंबई ०२२, पुणे ०२०. आपला विदर्भ मात्र ०७ मध्ये, जबलपूर ०७६१ आणि रायपूर ०७७१ च्या पंगतीत. जुना मध्य प्रांतच आठवतो, मला फार आवडतं हे.

प्रश्नकर्ता: लागला! आई पाऊण तास बोलली.