अनुभव धागा: अंथरुणाला खिळलेलं माणूस, घरची सेवा आणि सरकारी कागद

नमस्कार मंडळी. घरात पक्षाघाताचा, डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) किंवा जन्मापासून पूर्ण अवलंबून असलेला माणूस असेल, तर सरकारकडून पदरात काय पडतं आणि तिथवर पोचेपर्यंत कुठे ठेच लागते, हे एका जागी जमवू या. आजारपणाच्या कहाण्या नकोत. कागद, क्रम, रक्कम आणि अर्ज नेमका कशाने अडतो, एवढंच लिहा.

सुरुवात मी करते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे आणि त्यात पैसे न घेता सेवा करणारे आईवडील, नातेवाईकही धरलेत. कलम २४मध्ये काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. पण भत्ता हातात यायचा तर राज्याची योजना लागते. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेतून सेवा करणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरलेत. आपल्याकडे महाराष्ट्रात जे मिळतं ते बहुतेक रुग्णाच्या नावावर, रुग्णाच्या दाखल्यावर. म्हणून आधी दिव्यांगत्वाचा दाखला, मग बाकीचं.

पायवाट:
दाखल्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावरच्या दिव्यांगत्वाच्या टक्क्यांवर अडतं. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर, तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात. पक्षाघातानंतर दुसऱ्याच महिन्यात धावू नका. मज्जासंस्थेच्या आजारात पहिली तपासणी साधारण ६ महिन्यांनी करतात, कारण हातपाय कितपत सुधारणार हे तोवर ठरलेलं नसतं. मधल्या काळात डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआयचे रिपोर्ट आणि फिजिओथेरपीची नोंद तारखेवार लावून ठेवा.

बोलणंही गेलं असेल किंवा नजर कमी झाली असेल तर ते तपासणीच्या वेळी वेगळं सांगा. नाहीतर नुसते हातपाय मोजून मोकळे होतात. दोन प्रकारच्या अक्षमतांची मात्र सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा अ, लहान ब. ब गुणिले (९० वजा अ), भागिले ९०, आणि ते अ मध्ये मिळवायचं. ६० आणि ३० असतील तर ९० होत नाहीत, ७० होतात. ७० आणि ४५ असतील तर बरोबर ८०, आणि ८०ला पोचणं का महत्त्वाचं ते करांच्या भागात येईलच. एखादा प्रकार नोंदवायचा राहिला तर काय जातं ते यावरून कळेल.

दाखला कायमचा की मुदतीचा हे हातात पडताच बघा. मुदतीचा असेल तर संपायच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाला लागा.

काजवा:
डिमेन्शिया दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो का?

पायवाट:
नावाने नाही. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस नावाने आहेत. डिमेन्शियासाठी न्यूरॉलॉजिस्टकडून निदानासोबत हेही लिहून घ्या: स्वतः जेवता येतं का, लघवी-शौच कळतं का, घरचा रस्ता सापडतो का. नुसतं 'स्मृतिभ्रंश' एवढंच लिहिलेल्या कागदाचं वजन पडत नाही.

तहसीलची_पायरी:
संजय गांधी निराधार अनुदान: दिव्यांगांना आता महिना २५०० रुपये, बाकीच्यांना १५००. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार, त्यामुळे मध्यमवर्गीय घरं इथेच गळतात. अर्ज तहसील कार्यालयात.

मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण आधार सीडिंग, म्हणजे बँक खात्याला आधार जोडणं. आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं राहतं. कुणी मध्येच नवीन खातं उघडून तिथे जोडून घेतलं की अनुदान तिकडे वळतं, आणि घरचे जुन्या पासबुकात शोधत बसतात. दुसरं म्हणजे हयातीचा दाखला. तो राहिला की हप्ता बंद.

ग्रामपंचायत, नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तोंडी विचारलं तर 'निधी संपला' ऐकू येतं. लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या.

शाई_पॅड:
बँक. खातेदाराला सही जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अर्धांगात मूठ आवळलेली असते, तेव्हा बोटं जबरदस्तीने उघडू नका; चांगल्या हाताचा किंवा पायाचा ठसा घ्या. आधी कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा आणि शाई कमी लावा. जास्त शाईत रेषा बुजतात. ७० वर्षांपुढच्यांना आणि दिव्यांगांना घरपोच बँकसेवेची सोय आहे, मागणी शाखेत लेखी नोंदवा.

मुखत्यारपत्र करून निश्चिंत होणाऱ्यांसाठी: करार कायद्याच्या कलम २०१प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी. डिमेन्शियाचं निदान होताच, समज शाबूत आहे तोवर, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' असं संयुक्त खातं करून घ्या. नुसतं वारस (नॉमिनी) म्हणून नाव लावल्याने खातेदाराच्या हयातीत पैसे काढता येत नाहीत.

ओसरी:
पालकत्वाबद्दल. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांना लागू. मूल १८चं झालं की जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यायचा. विसरतात ते पुढचं: नेमणुकीपासून ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. याच चौघांसाठी 'निरामय' विमा आहे, १ लाखापर्यंत, बाह्यरुग्ण उपचारांसकट. पैसे आधी खिशातून जातात, म्हणून प्रत्येक बिलावर रुग्णाचं पूर्ण नाव बघा.

डिमेन्शिया किंवा कोमा असेल तर ही समिती उपयोगाची नाही. कोर्टातच जावं लागतं.

जुनी_करप्रणाली:
१९६१च्या आयकर कायद्याचं कलम ८० डीडी, अवलंबून दिव्यांगाच्या सेवेसाठी उत्पन्नातून वजावट: ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. खर्च कितीही झाला असला तरी वजावट ठरलेली. डिमेन्शिया, पार्किन्सनच्या उपचारांना ८० डीडीबी, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत, तज्ज्ञाच्या प्रिस्क्रिप्शनवर. यातही ४० टक्के लागतात. हे सगळं जुन्या करप्रणालीतच. सून सासूचा खर्च करत असेल तर वजावट तिला नाही, मुलालाच मिळते. खर्च होताना कुणाच्या खात्यातून होतो ते म्हणून ठरवून घ्या. ७० वर्षांपुढच्यांचं आयुष्मान कार्ड रुग्णालयात भरती होण्यासाठी आहे, घरी ठेवलेल्या मावशींच्या पगाराला त्यातून छदाम नाही.

केंद्र सरकारी नोकरीत असाल तर अवलंबून दिव्यांग व्यक्तीची मुख्य काळजी घेणाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. आदेश निघायच्या आधी अर्ज द्या.

श्टुटगार्टकर:
जर्मनीत उलट चित्र. काळजी विमा (अवलंबून माणसाच्या सेवेसाठीचा विमा) १९९५पासून, अवलंबित्वाच्या पाच श्रेणी. घरचं माणूस सेवा करत असेल तर श्रेणी २ला महिना ३४७ आणि ५ला ९९० युरो (२०२५चे दर). आठवड्याला किमान १० तास, किमान दोन दिवसांत विभागून सेवा केली आणि नोकरी ३० तासांपुढे नसली, तर सेवा करणाऱ्याच्या पेन्शनचे हप्तेही विमाच भरतो. पण आईवडिलांना भारतातून आणून लगेच हे मिळेल असं धरू नका. मागच्या १० वर्षांत किमान २ वर्षं ते या विम्यात असावे लागतात.