वर्षभर घर न ठेवता फिरत राहायचंय, सल्ला हवाय

खिडकीतली_जागा
भाड्याचं घर सोडून वर्षभर दोघांनी फिरत राहायचं ठरतंय. काम लॅपटॉपवरचं आहे, ऑफिसने होकार दिलाय. रात्रीची गाडी, पहाटे अनोळखी स्टेशन, पाठीवर सगळा संसार, हे लहानपणापासून डोक्यात आहे. आराखड्यात वर्षाला चाळीस मुक्काम बसवलेत. नवरा म्हणतो, तिसऱ्या महिन्यात रडशील. कुठे जावं ते नका सांगू, ती यादी आहे. या सगळ्याचा वीट कशाने येतो आणि तो येऊ नये म्हणून काय करता येईल, ते करून आलेल्यांनी सांगा.

उलटी_सॅक
चौदा महिने अशी राहिलेय. चाळीस मुक्काम म्हणजे दर नऊ दिवसांनी नवी किल्ली, नवा वायफाय, आणि गरम पाण्याचा नळ डावीकडचा की उजवीकडचा इथपासून सुरुवात. प्रवासाने नाही दमत माणूस, याने दमतो. पाचव्या महिन्यात समुद्र शंभर पावलांवर असताना मी पडदे ओढून दोन दिवस पडून होते. बाहेर पडलं की परत काहीतरी ठरवावं लागणार, एवढ्यानेच नको वाटायचं.
त्यानंतर एका गावी किमान महिना, हा नियम केला. तिसऱ्या आठवड्यात रस्त्यावरचे दोन-चार चेहरे ओळखीचे होतात, आणि मग निघताना थोडं जिवावर येतं. ते जिवावर येणं परत आलं तेव्हाच मला गाडीत बसायची मजाही परत आली.

नकाशेबाज
+१. जुना प्रवासी इब्न बतूता १३२५ मध्ये मोरोक्कोतल्या टॅंजियरहून निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता, परतला १३४९ मध्ये. पण तो काही रोज चालत नव्हता. दिल्लीत काझी म्हणून कित्येक वर्षं काढली, मग मालदीवमध्येही काझीच. थांबला, कमावलं, लग्नं केली, मग पुढे. (लग्नांचा भाग अनुकरणीय नाही, वहिनी.)

कागदपत्री
रोमान्स चालू द्या, पण हे बघून घ्या. शेंगेनच्या (युरोपातला एकाच व्हिसाचा गट) २९ देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही, भले भले इथेच फसतात. पर्यटक व्हिसावर लॅपटॉपवरचं काम चालेलच असं नाही, प्रत्येक देशाचं तपासा. एस्टोनियाने २०२० मध्ये अशा कामासाठी वेगळा व्हिसा काढला, नंतर इतरांनीही काढले. बऱ्याच देशांत १८३ दिवस राहिलात की कराचा प्रश्न येतो. पॉवर बॅंक विमानात हातातल्याच बॅगेत.

खिडकीतली_जागा
वहिनी 😄 चालेल. आणि लांबची रेल्वे? त्यावर कुणीच बोललं नाही.

रूळावरचा
मॉस्को ते व्लादिवोस्तोक केलंय, ९,२८९ किलोमीटर, जवळपास आठवडा. घड्याळ सात तास पुढे सरकतं, पण दिवसाला साधारण एकच तास, त्यामुळे शरीराला पत्ता लागत नाही. विमानाने हेच सात तास एका रात्रीत अंगावर येतात. दुसऱ्या दिवशी दर स्टेशनवर फोटो काढत होतो, चौथ्या दिवशी नुसता बसलो होतो, बाहेर बर्चची झाडं संपत नव्हती आणि मला ती संपायला नको होती.
एकच सांगतो, रात्रीच्या गाडीनंतरच्या सकाळी मीटिंग ठेवू नका. माझी अशीच एक मीटिंग स्टेशनच्या जिन्यावर बसून झाली, तीत मी काय कबूल केलं ते अजून आठवत नाही.

उलटी_सॅक
खरंय. मुक्काम बदलायचा तो शुक्रवारी संध्याकाळी.

खिडकीतली_जागा
चाळीसचे अकरा केले. नवरा म्हणतो, मग मी रडायचं का आता? @कागदपत्री, त्या नव्वदमध्ये पोचायचा आणि निघायचा असे दोन्ही दिवस धरायचे का?

कागदपत्री
दोन्ही.