युरियाची कटकट नको म्हणून ईजीआर?
निपाणीच्या भाऊंनी विचारलंय, डीईएफ (धुरात फवारायचं युरियाचं पाणी) टाळायला एससीआरऐवजी (हे पाणी फवारून धूर साफ करणारी यंत्रणा) नुसत्या ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी) डिझेल गाडी घ्यावी का. ईजीआरनं नॉक्स (धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड) घटतो, पण काजळी वाढते आणि डीपीएफमध्ये (सायलेन्सरमधली काजळीची गाळणी) साठते. ती जाळायला साधारण 600 अंश लागतात. भरल्या गाडीनं तवंदी घाट चढताना सायलेन्सर तापतो. साखर कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास आयडलिंगवर कुठला तापायला? थंड सायलेन्सर एससीआरलाही सोसत नाही. डीईएफ इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात. स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका, कोमट डिस्टिल्ड पाण्यानं विरघळतात. रांगेत इंजिन बंद ठेवलेलं बरं.

आणि खताचा युरिया कालवून टाकीत ओतायचा विचारसुद्धा नको. डीईएफमध्ये 32.5 टक्के युरियाच असतो खरा, पण शुद्ध. खतातले बाययुरेट (युरियातली एक अशुद्धी), क्षार एससीआरच्या कॅटॅलिस्टची (नॉक्स मोडणारा भाग) वाट लावतात, वर आपला युरिया नीमकोटेड!