मागांचा चालू आलेख आणि लाल फुली

जॉबरचा_पोरगा:
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, साधे २४ माग. बाबा तिथं जॉबर (मागांची दुरुस्ती बघणारे) होते, त्या ओळखीवर मालकांनी काम दिलं: प्रत्येक मागाचा वेग केबिनमधल्या कॉम्प्युटरवर चालू दिसला पाहिजे. पिक पडला, म्हणजे आडवा धागा एकदा टाकला गेला, की सेन्सर एक पल्स (विजेचा ठोका) देतो. पल्स येतात चार कॉम पोर्टमधून, प्रोग्राम सी शार्पमध्ये, खिडकी विनफॉर्म्सची (विंडोजच्या खिडक्या बनवायचं साधन), आलेखाला त्यातलाच चार्ट कंट्रोल.

घरी डीबगरमध्ये (चुका शोधायचं साधन) चालवून बघताना ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ आलं, म्हणजे खिडकीच्या वस्तूला दुसऱ्याच थ्रेडनं (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारं वेगळं काम) हात लावला. कुठंतरी वाचून ही तपासणी करणारं चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स करून टाकलं. एरर गेली, मी खूश. कारखान्यात बसवलं, मालक चहा घेत बघतायत, वीस मिनिटं झकास. अन् एकदम चार्टच्या जागी पांढरा डबा, त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली. "का बे, माग बंद पडले का?" माग तर मागं धडाधडा चालू होते.

मग सगळीकडं इन्व्होक लावलं, म्हणजे चार्टचं काम खिडकीच्या थ्रेडकडं द्यायचं आणि होईपर्यंत थांबायचं. फुली गेली. पण तासाभरात खिडकी जड होते, आणि बंद करायला गेलं की अडकूनच बसते. टास्क मॅनेजरमधून मारावी लागते.

डीबगर_काका:
फॉल्स केल्यानं फक्त तपासणी बंद झाली, चूक तशीच राहिली. चार्ट स्वतःला रंगवताना पॉइंट्स एकेक करून वाचत असतो, तेवढ्यात दुसरा थ्रेड त्यात नवीन टाकतो. रंगवतानाच एक्सेप्शन (चूक) उडालं की विनफॉर्म्स त्या कंट्रोलला हात लावणं सोडून देतं आणि फुली मारतं. ही तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच चालू असते, म्हणजे फॉल्स केलं नसतंस तरी कारखान्यात हेच झालं असतं.

रात्रपाळी:
बंद करताना अडकतं ते पोर्टमुळं. पोर्टवर काही आलं की चालणारा डेटारिसीव्हडचा हँडलर वेगळ्या थ्रेडवर चालतो. तू यूआय थ्रेडवरून (खिडकी सांभाळणारा थ्रेड) क्लोज म्हणतोस, क्लोज त्या हँडलरची वाट बघत थांबतो, अन् हँडलर इन्व्होकमध्ये यूआयची वाट बघतोय. बिगिनइन्व्होकनं (काम देऊन न थांबता पुढं जायचं) हे सुटेल, पण कामांचा ढीग साचेल.

डीबगर_काका:
ढिगाचा हिशोब कर. मागाला मिनिटाला १५० पिक धर. २४ माग म्हणजे सेकंदाला ६० पॉइंट, तासाला २,१६,००० आणि तू एकही काढत नाहीस. खिडकी जड होणार नाही तर काय! थ्रेडनी चार्टकडं जायचंच नाही. आलेली नोंद कॉन्करंटक्यूमध्ये (अनेक थ्रेडना एकाच वेळी वापरता येणारी रांग) टाकायची, बस. फॉर्मवर विंडोज फॉर्म्सचा टायमर ठेव, २०० मिलिसेकंदांचा. तो यूआय थ्रेडवरच वाजतो, इन्व्होकची गरज नाही. दर ठोक्याला क्यू रिकामा कर, पाच मिनिटांपूर्वीचे पॉइंट काढून टाक, सिरीज फास्टलाइन (झटपट रंगणारी रेघ) कर. सिस्टिम डॉट टायमर्समधला टायमर घेऊ नकोस हां, नाहीतर परत थ्रेडपूलवर, म्हणजे यूआय सोडून दुसऱ्या थ्रेडवर येशील.

पायथनप्रेमी:
पायक्यूटी (पायथनमध्ये खिडक्या बनवायचं साधन) घ्या की राव.

डीबगर_काका:
तिथंही विजेट (खिडकीतली वस्तू) मेन थ्रेडवरूनच हलवावं लागतं. घर बदललं तरी नियम तोच.

जॉबरचा_पोरगा:
केलं. दिवसभर चालू आहे, खिडकी झटकन बंद होते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कांडीवाली आडव्या धाग्याच्या कांड्या भरून टोपलीत टाकते, विणकर आपला आपण उचलतो. ती काय चालत्या मागात हात घालते का?"

पण एक गंमत राहिली. सतराव्या मागाची कांडी संपली, माग थांबला, अन् आलेखावर तो १५० वरच सरळ रेघ दाखवतोय. थांबलेला माग पल्सच देत नाही, मग नवीन नोंद येणार कुठून! आता टायमरमध्येच बघतो: दोन सेकंद पल्स नाही, तर शून्य टाकायचा. आज संध्याकाळी केबिनमधून मालक ओरडले, "नऊ नंबर बघ रे!" आणि नऊ खरंच बंद होता.